आठ पाकळ्यांची खूण

पोवळे हा शब्द मराठी वाचकाला परिचित असतो तो बहुधा दागिन्यांमुळे, नवरत्नांच्या यादीमुळे आणि पत्रिकेतल्या मंगळामुळे. अंगठीत बसवलेला तो लाल, गुळगुळीत खडा म्हणजे भूमध्य समुद्रात वाढणाऱ्या कोरॅलियम रुब्रम या प्राण्याच्या वसाहतीचा सांगाडा असतो, हेही अनेकांना ठाऊक असते. मात्र हा प्राणी लक्षद्वीपसारखी बेटे उभारणाऱ्या दगडी प्रवाळांच्या नव्हे, तर मऊ प्रवाळांच्या गोतावळ्यातला आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सांगाडा कठीण असूनही ज्या खुणेमुळे पोवळ्याची गणना मऊ प्रवाळांबरोबर होते, ती खूण घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, काचेपासून वीतभर अंतरावर, साध्या डोळ्यांनी पाहता येते आणि छायाचित्रात पकडता येते. ती खूण, तिच्या जोडीच्या इतर खुणा आणि त्या टिपण्याची रीत हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रवाळ हा बहुतेक वेळा एकटा प्राणी नसतो. ती असंख्य लहान प्राण्यांची एकमेकांना जोडलेली वसाहत असते, आणि त्यातल्या प्रत्येक प्राण्याला पॉलिप म्हणतात. पॉलिपची रचना साधी असते: एक मऊ नळी, तिच्या वरच्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती भक्ष्य पकडणाऱ्या लवचीक भुजांचे कडे. या भुजांना प्राणिशास्त्राच्या मराठी परिभाषेत संस्पर्शक असे नाव आहे. दगडी प्रवाळाचे पॉलिप आपल्या खाली चुन्याचा सलग सांगाडा रचत जातात, तर मऊ प्रवाळात असा सलग सांगाडा नसतो. त्याच्या मांसल देहात चुन्याच्या सूक्ष्म काड्या, म्हणजेच कंटिका, विखुरलेल्या असतात आणि त्यांच्यामुळे देहाला आधार मिळूनही तो पाण्याबरोबर डुलू शकतो. परंतु मऊपणा ही शास्त्रीय कसोटी नव्हे. कसोटी आहे ती संस्पर्शकांच्या संख्येची: मऊ प्रवाळ, समुद्रपंखे आणि पोवळे या सर्वांच्या पॉलिपला आठ संस्पर्शक असतात, आणि बहुतेक जातींत प्रत्येक संस्पर्शकाच्या दोन्ही कडांना पिसासारखे बारीक उपफाटे असतात, म्हणून या गटाला अष्टभुज प्रवाळ म्हणणे योग्य ठरते. दगडी प्रवाळ आणि समुद्रपुष्पे ज्या दुसऱ्या गटात मोडतात, त्या गटात हीच संख्या सामान्यतः सहाच्या पटीत असते.

रांगोळीतल्या अष्टदल कमळासारखी ही आकृती युरोपातल्या अभ्यासकांच्या नजरेत भरली तीही काचेच्या भांड्यातच. १७०६ च्या सुमारास इटालियन निसर्गअभ्यासक लुइजी फर्दिनांदो मार्सिली यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवले, तेव्हा त्या लाल फांद्यांवर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमलली, आणि पोवळे ही वनस्पती आहे याचा हा पुरावाच होय असे त्यांनी मानले. पुढे मार्सेयचे वैद्य झां-आंद्रे पेसोनेल यांनी त्याच फुलांचे बारकाईने निरीक्षण करून ती फुले नसून प्राणी आहेत असा निष्कर्ष काढला, जो पॅरिसच्या विद्वानांना पटायला बरीच वर्षे जावी लागली. मार्सिलींचा अर्थ चुकला, पण त्यांनी जे पाहिले त्याची नोंद नीट ठेवली होती, म्हणूनच नंतरच्या अभ्यासकांना ती नव्या अर्थाने वाचता आली. घरच्या टाकीतल्या प्रवाळाचे छायाचित्र काढणाऱ्यालाही हेच लागू पडते: आज दिलेले नाव उद्या बदलू शकते, परंतु नेमकी खूण दाखवणारे छायाचित्र नाव बदलल्यानंतरही उपयोगी पडते.

घरगुती रीफ टँक म्हणजे समुद्राइतकी क्षारता, २५ अंश सेल्सियसच्या आसपासचे तापमान, पाणी सतत हलते ठेवणारे पंप आणि निळसर झाक असलेले एलईडी दिवे यांच्या आधारे चालणारी टाकी. नवख्या माणसाला तिथे मऊ प्रवाळांपासून सुरुवात करण्याचा सल्ला दिला जातो, कारण यांतल्या अनेक जातींच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवल वस्तीला असते, ते उजेडात अन्न तयार करून त्याचा मोठा वाटा प्रवाळाला देते, आणि पाण्यातल्या कॅल्शियमच्या किरकोळ चढउतारांनी हे प्राणी दगडी प्रवाळांइतके लवकर बिघडत नाहीत. दुकानात ते लेदर, टोडस्टूल, कोल्ट, केनिया ट्री, जीएसपी, पल्सिंग झेनिया अशा नावांनी मिळतात. ही नावे विक्रीला सोयीची असली तरी एकेका नावाखाली अनेक वेगवेगळे प्राणी खपून जातात, आणि 'सॉफ्ट' म्हणून विकले जाणारे मशरूम आणि झोअँथिड तर अष्टभुज नसतातच. सांगाडा नसलेले ते दुसऱ्याच गटातले प्राणी आहेत. हा भेद केवळ पुस्तकी नाही. झोअँथिडांपैकी पॅलिथोआ या प्रजातीच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष आढळते, त्यामुळे छायाचित्रासाठी दगड हलवताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा आवश्यक असतो, आणि असा दगड उकळत्या पाण्यात टाकणे किंवा घासणे कटाक्षाने टाळावे लागते.

ओळखीची सुरुवात म्हणूनच मोजणीने होते. फुलासारखे दिसणारे तीन प्राणी एकाच टाकीत शेजारी ठेवले, तर मोजणीचे महत्त्व चटकन पटते. गोनिओपोरा, अल्व्हिओपोरा आणि क्लॅव्ह्युलेरिया या तिन्हींचे पॉलिप लांब देठाचे असतात आणि प्रवाहात सारखेच झुलतात. पण गोनिओपोराच्या पॉलिपला २४ संस्पर्शक असतात, अल्व्हिओपोराच्या पॉलिपला १२ आणि क्लॅव्ह्युलेरियाच्या पॉलिपला ८. पहिले दोन दगडी प्रवाळ आहेत, तिसरा मऊ. डुलणाऱ्या पॉलिपवर नजर ठेवून संस्पर्शक मोजणे कठीण असते, एखादा सुटतो किंवा दोनदा मोजला जातो. त्याऐवजी ज्या क्षणी पॉलिपचे तोंड थेट लेन्सकडे वळलेले असेल तो क्षण टिपून, चित्र पडद्यावर मोठे करून, एका संस्पर्शकापासून सुरू करून घड्याळाच्या दिशेने मोजत गेले, तर शंकेला जागा उरत नाही. त्याच चित्रात संस्पर्शकाच्या कडा पिसासारख्या आहेत की गुळगुळीत, हेही दिसते. मशरूम आणि झोअँथिडांच्या संस्पर्शकांना असे दुतर्फा ओळीने लागलेले उपफाटे नसतात.

आठाची खूण पटली की प्रजातीकडे वळता येते. प्रजाती म्हणजे एकमेकींच्या जवळच्या जातींचा गट. 'लेदर' या नावाखाली येणारे प्राणी प्रामुख्याने सार्कोफायटन, लोबोफायटन आणि सिन्युलेरिया या तीन प्रजातींचे असतात. सार्कोफायटनला पॉलिपविरहित, गुळगुळीत देठ असतो आणि त्यावर अळंबीसारखी, कडेला दुमडत गेलेली चकती असते. या चकतीच्या अगदी जवळ गेले, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर रुंदीचा तुकडा सगळी चौकट भरून टाकेल इतके जवळ, की तिच्यावर दोन प्रकारचे पॉलिप असल्याचे लक्षात येते: एक लांब, आठ संस्पर्शकांचे, जे सर्वांना दिसतात; आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत दाटीने बसलेले, सुईच्या टोकाएवढे ठिपके. हे ठिपकेही पॉलिपच असतात, मात्र त्यांचे संस्पर्शक खुंटलेले असतात आणि वसाहतीच्या देहात पाणी खेळते ठेवणे हे त्यांचे काम असते. लोबोफायटनमध्येही हे दोन प्रकार असतात, परंतु त्याचा देह बसका व रुंद बुंध्याचा असून वरच्या बाजूला बोटांसारखे उंचवटे किंवा कंगोरे असतात. सिन्युलेरियालाही बोटे असतात, त्यामुळे लांबून पाहिल्यास लोबोफायटन आणि सिन्युलेरिया यांत गल्लत होणे स्वाभाविक आहे. पण सिन्युलेरियात पॉलिप एकाच प्रकारचे असतात, मधले ठिपके नसतात. वसाहतीचे पूर्ण दर्शन घडवणारे, रंगांनी भरलेले छायाचित्र कितीही देखणे असले तरी या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, आणि दोन सेंटिमीटर पृष्ठभागाचे एक रूक्ष चित्र ते देते.

सिन्युलेरियाच्या बुंध्याकडेही मुद्दाम पाहावे. तिथल्या कंटिका तर्कूच्या म्हणजे टकळीच्या आकाराच्या आणि काही मिलिमीटर लांब असू शकतात, त्यामुळे बुंधा खरखरीत व घट्ट लागतो. काही जातींत या कंटिका तळाशी चुन्याने सांधल्या जाऊन त्यांचा चक्क दगड बनतो, आणि अशा रीतीने मऊ म्हणवला जाणारा प्राणी प्रवाळ-भित्तीच्या बांधणीत हातभार लावतो. छायाचित्रकार सामान्यतः फुललेल्या माथ्यावर लेन्स रोखतो आणि बुंधा सावलीत सोडून देतो. ओळखण्याच्या दृष्टीने हा मोठा तोटा आहे, कारण देठ आहे की नाही, त्यावर पॉलिप आहेत की नाहीत, आणि वसाहत दगडाला कशी चिकटली आहे, या तिन्ही गोष्टी खालच्या अर्ध्या भागातच ठरतात. उदाहरणार्थ, झेनिया आणि अँथेलिया यांचे पॉलिप वरून सारखेच मोराच्या तुऱ्यासारखे दिसतात. झेनियाचे पॉलिप मात्र एका जाड, सामाईक देठाच्या माथ्यावर गुच्छाने येतात, तर अँथेलियाचे पॉलिप दगडावर पसरलेल्या पातळ पापुद्र्यातून एकेकटे उगवतात.

प्रवाळ मिटलेला असताना कॅमेरा बाजूला ठेवण्याची सवयही मोडायला हवी. सार्कोफायटन, सिन्युलेरिया आणि त्यांच्या जवळच्या प्रजातींचे पॉलिप मिटल्यावर देहात पूर्ण ओढले जातात आणि पृष्ठभाग जवळजवळ नितळ दिसू लागतो; झेनिया आणि केनिया ट्री म्हणून मिळणारा कॅपनेला यांचे पॉलिप आखडतात, वाकतात, परंतु देहात शिरून नाहीसे होत नाहीत. क्लॅडिएला हा प्राणी उमललेला असताना तपकिरी आणि मिटल्यावर पांढुरका दिसतो, कारण त्याचे पॉलिप तपकिरी आणि देह फिका असतो. कोल्ट म्हणून विकला जाणारा बुळबुळीत, फांद्याफांद्यांचा प्रवाळ अनेक वर्षे क्लॅडिएला याच नावाने ओळखला जात होता, जरी त्यातला बराचसा माल प्रत्यक्षात वेगळा होता; ऑस्ट्रेलियात काम करणारे प्रवाळतज्ज्ञ फिल ऑल्डर्सलेड यांनी २००० साली क्लिक्सम ही स्वतंत्र प्रजाती प्रस्थापित केल्यानंतर त्याला त्याचे नाव मिळाले. त्यामुळे दिवे लागण्यापूर्वी एक आणि पूर्ण उमलल्यावर एक, अशी एकाच वसाहतीची, एकाच कोनातून घेतलेली दोन चित्रे शेजारी ठेवणे ही अत्यंत फलदायी पद्धत आहे.

झेनियाच्या बाबतीत स्थिर चित्र अपुरे पडते, कारण तिची सर्वांत ठळक खूण म्हणजे हालचाल. पल्सिंग म्हणवल्या जाणाऱ्या जातींचे पॉलिप हाताचा पंजा उघडावा आणि मिटावा तसे अखंड उघडमीट करतात, आणि टाकीतला पंप बंद केला तरी ते थांबत नाहीत. या श्रमाचा लाभ काय, हा प्रश्न जुना होता. इस्राएलच्या ऐलात बंदराजवळ तांबड्या समुद्रात हेटरोझेनिया फुसेसेन्स या नात्यातल्या जातीवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, या उघडमिटीमुळे प्रकाशसंश्लेषणातून साचणारा ऑक्सिजन पॉलिपपासून दूर नेला जातो, आतल्या शैवलाचे काम त्यामुळे वेगाने चालते, आणि एका पॉलिपने वापरलेले पाणी शेजारच्याने पुन्हा ओढून घेण्याचे प्रमाणही घटते. दुपारनंतरची थोडी विश्रांती सोडली तर ही क्रिया रात्रंदिवस चालते. घरच्या टाकीतल्या झेनियाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत, पंप बंद ठेवून आणि मोबाइल टेकवून घेतलेली, म्हणून कोणत्याही स्थिर चित्राइतकीच मोलाची असते. मात्र या कुळातल्या सगळ्याच जाती अशी उघडमीट करत नाहीत, तेव्हा हालचाल नाही म्हणून झेनिया नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

जीएसपी म्हणजे ग्रीन स्टार पॉलिप हा जांभळट पापुद्र्यावर गवतासारखा पसरणारा, हिरवा, सहज जगणारा प्रवाळ ब्रायेरियम प्रजातीचा आहे. त्याचे उमललेले पॉलिप आणि ट्युबिपोरा म्युझिका या प्रवाळाचे पॉलिप लांबून बरेच सारखे दिसतात. पॉलिप मिटले की मात्र ट्युबिपोराच्या लाल, उभ्या, एकमेकींना आडव्या तबकड्यांनी जोडलेल्या नळ्या उघड्या पडतात, आणि ऑर्गन वाद्याच्या नळ्यांवरून त्याला मिळालेले नाव सार्थ वाटते. भारतात या फरकाला कायद्याचे वजन आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि ट्युबिपोरा म्युझिका यांचा समावेश झाला. मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या समुद्रात डुबकी मारणाऱ्याला समुद्रपंख्याची एखादी फांदी मऊ प्रवाळच वाटू शकते, आणि प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती त्याच गोतावळ्यातली असतेही. परंतु ती तोडून घरच्या टाकीत आणणे हा गुन्हा आहे. समुद्रात न्यायचा तो कॅमेरा.

बाह्य खुणांवरून प्रजातीपर्यंत पोहोचता येते; जातीपर्यंत सहसा येत नाही, आणि हे मान्य करण्यात कोणताही कमीपणा नाही. मऊ प्रवाळांच्या जाती ठरवण्यासाठी तज्ज्ञ कंटिकांचा आधार घेतात: पृष्ठभागाचा आणि बुंध्याचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा वेगवेगळ्या काचपट्ट्यांवर ठेवून त्यावर घरगुती ब्लीचचे म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे थेंब टाकले की मांस विरघळून जाते, आणि उरलेल्या कंटिका सूक्ष्मदर्शकाखाली दंडासारख्या, टकळीसारख्या, गदेसारख्या अशा निरनिराळ्या आकारांत दिसतात. हौशी व्यक्तीलाही हे करता येते, फक्त हे काम टाकीपासून दूर, हवेशीर जागी करावे आणि ब्लीचचा थेंबही टाकीत जाऊ देऊ नये. पण कंटिकाही सर्वच कोडी सोडवत नाहीत. सार्कोफायटन ग्लॉकम या नावाखाली गणल्या गेलेल्या वसाहतींची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा त्यांत एक नव्हे तर अनेक वेगवेगळे गट दडलेले असल्याचे आढळले. सार्कोफायटन आणि लोबोफायटन यांच्या सीमेवरचे काही नमुने तर दोन्हींपासून निराळ्या शाखेत गेले. २०२२ साली कॅथरीन मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व अष्टभुज प्रवाळांची जनुकीय पुराव्यावर आधारलेली फेरमांडणी प्रसिद्ध केली, तीत पूर्वीचे अल्सिओनेशिया हे नाव बाजूला पडून संपूर्ण गट दोन नव्या गणांत विभागला गेला. जुन्या पुस्तकातले आणि नव्या सूचीतले कुळाचे नाव जुळत नसेल, तर त्याचे कारण बहुधा हे असते.

छायाचित्रणातली मुख्य अडचण प्रकाशाची आहे. रीफ टँकच्या दिव्यांत सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाचे प्रमाण फार असते. डोळा त्याला सरावतो, कॅमेरा सरावत नाही, आणि मोबाइलवर सगळी टाकी शाईत बुडवल्यासारखी उमटते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याला पांढरे मानण्याची कॅमेऱ्याची पातळी, कितीही वर नेली तरी हा दोष पूर्ण जात नाही, कारण अशा प्रकाशात लाल आणि पिवळा भाग मुळातच तुटपुंजा असतो. जे नाही ते संगणकावरही वाढवता येत नाही. त्यामुळे ओळखीचे चित्र घेताना काही मिनिटे दिवे शक्य तितके पांढरे करणे, पांढऱ्या पीव्हीसीचा लहान तुकडा प्रवाळाशेजारी पाण्यात धरून त्यावर व्हाइट बॅलन्स ठरवणे आणि कॅमेऱ्यात सोय असल्यास रॉ फाइल साठवणे हा सरळ मार्ग आहे. उजेड मंद केलेल्या एलईडीखाली चित्रावर आडवे काळे पट्टे येत असतील, तर दिव्याची तीव्रता पूर्ण केल्यावर ते बहुतेकदा नाहीसे होतात, कारण अनेक दिवे मंद होतात ते प्रत्यक्षात फार वेगाने लुकलुकून.

निळ्या प्रकाशातले चित्र मात्र निरुपयोगी नसते. त्याचा हेतू वेगळा असतो. अनेक प्रवाळांत अशी प्रथिने असतात जी निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात, आणि या गुणाला अनुस्फुरण म्हणतात. लेन्ससमोर पिवळा किंवा नारिंगी फिल्टर धरला की परावर्तित निळा प्रकाश अडतो आणि केवळ अनुस्फुरित रंग उरतात, त्यामुळे जीएसपीचा हिरवा मध्यभाग अंधारातल्या दिव्यासारखा उजळतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेले आणि पुढे जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत पेशींना रंगखूण करण्यासाठी वापरले गेलेले एक लाल प्रथिन मिळाले ते डिस्कोसोमा या मशरूम प्रकारच्या प्राण्यातून, जो टाकीवाल्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तरीही रंगावरून जात ओळखण्याचा मोह टाळावा. एकाच जातीच्या दोन वसाहतींत अनुस्फुरण वेगळे असू शकते, दिव्याची तीव्रता बदलली की तोच प्राणी महिन्याभरात फिका किंवा गडद होतो, आणि विक्रीच्या चित्रांत तर रंग वाढवलेलेच असतात. पांढऱ्या प्रकाशातले तपकिरी, साधे चित्र दुकानात कोणी लावणार नाही. ओळख पटते ती त्याच चित्रावरून.

काच हा दुसरा अडसर. आतून शेवाळाचा पातळ थर आणि जांभळे चुनखडी डाग खरवडून काढावे लागतात, बाहेरून क्षारांचे वाळलेले ओघळ ओल्या फडक्याने पुसावे लागतात. त्यानंतर लेन्स काचेला काटकोनात धरणे महत्त्वाचे, कारण तिरक्या कोनातून येणारे निरनिराळे रंग पाण्यात आणि काचेत निरनिराळ्या प्रमाणात वळतात आणि पॉलिपच्या कडांना रंगीत झालर चढते. संस्पर्शकाचे उपफाटे मोजायचे असतील तर ही झालर घात करते. खोलीतले दिवे मालवून, लेन्सभोवती रबराचे मऊ कडे किंवा काळे कापड काचेला टेकवले की प्रतिबिंबे जातात आणि हातालाही टेकू मिळतो. वक्र काचेच्या टाकीतून अचूक चित्र मिळणे जवळपास अशक्य असते. अशा वेळी, आणि सार्कोफायटनची चकती वरून दाखवायची असतानाही, तळाला सपाट काच बसवलेली नळी पाण्यात थोडी बुडवून तिच्यातून खाली पाहणे सोयीचे ठरते.

पंप पाचदहा मिनिटे बंद केले की तरंगणारा गाळ खाली बसतो आणि पॉलिप स्थिरावतात, मात्र प्रवाहाअभावी वसाहतीची ढब बदलते. म्हणून पूर्ण आकाराचे चित्र पंप चालू असताना, शटर निदान सेकंदाच्या १/१२५ भागाइतके वेगवान ठेवून घ्यावे आणि जवळचे चित्र पंप बंद असताना. पुन्हा पंप सुरू करण्याचे विसरू नये यासाठी मोबाइलवर गजर लावणे हा खबरदारीचा भाग समजावा, कारण दाट वस्तीच्या टाकीत पाणी थांबले की ऑक्सिजन वेगाने घटतो. मॅक्रो लेन्सने प्रतिमा वस्तूइतकीच मोठी, म्हणजे एकास एक घेतली, तर पूर्ण आकाराच्या सेन्सरवर एफ ११ या छिद्रालाही जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. आकार निम्मा केला की हा थर चार मिलिमीटरपर्यंत वाढतो. त्यामुळे पॉलिपचे सर्व संस्पर्शक एकाच प्रतलात असलेला, म्हणजे सपाट पसरलेला पॉलिप निवडणे आणि थोडे मागे सरून नंतर चित्र कापणे, हे मॅक्रोच्या टोकाला जाण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. मोबाइलला लावायच्या मॅक्रो भिंगानेही हे काम होते, फक्त प्रवाळ काचेजवळ असावा लागतो. चित्र नीट यावे म्हणून प्रवाळाला पाण्याबाहेर काढणे किंवा जागेवरून उपटणे मात्र वर्ज्य मानावे.

एका वसाहतीची दीर्घकाळ घेतलेली चित्रे तिच्या प्रकृतीची नोंदही देतात. सार्कोफायटन अधूनमधून काही दिवस मिटून बसतो, त्याच्या चकतीवर मेणासारखी तुकतुकीत साय धरते, तिच्यावर शेवाळ जमते, आणि नवखा मालक प्राणी मेला असे समजून त्याला टाकून देण्याच्या बेतात येतो. काही दिवसांनी ती साय फाटून प्रवाहाबरोबर निघून जाते आणि खालून स्वच्छ चकती व नवे उमललेले पॉलिप दिसतात. रोज एकाच जागेवरून घेतलेली चित्रे पाहिली तर या काळात चकतीचा ताठपणा टिकून असल्याचे कळते, तर खरोखर कुजणाऱ्या वसाहतीत देठ लिबलिबीत होऊन एका बाजूला काळसर खळगा वाढत जातो. लेदर जातींच्या देहातली टर्पिनॉइड प्रकारची रसायने पाण्यात उतरून शेजारच्या दगडी प्रवाळांची वाढ रोखू शकतात. शेजाऱ्याचे पॉलिप आठवड्यागणिक आखूड होताना चित्रांत दिसले, तर गाळणीत ऍक्टिव्हेटेड कार्बन घालून दोघांमधले अंतर वाढवता येते. गुलाबी-केशरी डेंड्रोनेफ्थियाची कथा याहून दुःखद आहे. त्याच्या देहात शैवल नसते, तो पाण्यातले सूक्ष्म वनस्पतिप्लवक खाऊन जगतो, आणि तांबड्या समुद्रातल्या संशोधनाने १९९५ सालीच हे दाखवूनही केवळ रंगावर भाळून तो उजेडाखाली ठेवला जातो. महिन्यामहिन्याच्या चित्रांत तो उपासाने लहान होत गेलेला दिसतो. खरेदीपूर्वी ओळख पटली असती, तर असा प्राणी घरी आणण्याचा विचार बहुतेकांनी सोडला असता.

चुकीच्या ओळखीची झळ समुद्रालाही बसते. व्हेनेझुएलाच्या मोचिमा राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावर या शतकाच्या प्रारंभी एक मऊ प्रवाळ पसरू लागला, ज्याने तळावरच्या स्थानिक प्रवाळांना आणि समुद्रगवताला झाकून टाकले. आधी तो झेनिया समजला गेला. २०२१ साली त्याची युनोमिया स्टोलोनिफेरा अशी निश्चिती झाली. हा हिंद-प्रशांत महासागरातला प्राणी आहे आणि तो टाकीच्या व्यापारातून तिथे पोहोचला असावा असे अभ्यासक मानतात. तो हवाईतल्या पर्ल हार्बरमध्येही सापडला आहे. नखाएवढ्या तुकड्यातून नवी वसाहत उभी करण्याची क्षमता या कुळात असते, म्हणून कापलेले तुकडे, खरवडलेला पापुद्रा आणि त्यांच्यासोबतचे पाणी ब्लीच मिसळून निर्जीव केल्याशिवाय गटारात सोडू नये, आणि कोकणातल्या खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात तर कधीच सोडू नये.

नोंदवहीतली प्रत्येक वसाहत एका पानावर राहू शकते: दिवे लागण्यापूर्वीचे आणि उमललेल्या अवस्थेतले पूर्ण चित्र, बुंध्याचे चित्र, मोजपट्टी शेजारी धरून घेतलेले पृष्ठभागाचे जवळचे चित्र, एका पॉलिपचे समोरून घेतलेले चित्र, झेनिया असेल तर चित्रफितीचा क्रमांक, त्याखाली तारीख, दिव्याची मांडणी, चकतीचा व्यास, कोणत्या दुकानी नावाने प्राणी मिळाला ते, आणि शेवटी जेवढे पाहिले तेवढेच सांगणारे नाव, जसे की 'सार्कोफायटन, जात अनिश्चित, दोन प्रकारचे पॉलिप, देठ गुळगुळीत, कंटिका अद्याप पाहिलेल्या नाहीत'.